घरात दुखणं, आणि मुलाच्या शाळेत स्पोर्ट्स डे

डिसेंबर-जानेवारीत शाळांचे क्रीडा महोत्सव सुरू झाले की एक प्रश्न हमखास कानावर येतो. "घरात एवढं चाललंय, अशात मैदानावर जाऊन टाळ्या वाजवायच्या?" कुणाच्या डोक्यावर कर्ज, कुणाकडे वर्षश्राद्ध व्हायचंय, कुणाकडे लांबलेलं आजारपण.

माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या, यावलकडच्या एका ताईंचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नवऱ्याचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास, वर जळगावला जाणं-येणं. घरची केळीची बाग, आणि केळ्यातलं पोटॅशियम किडनीच्या आजारात चालत नाही म्हणून बागवाल्यालाच केळं बंद. मुलगा तिसरीत, लिंबू-चमच्यात नाव दिलेलं.

"मॅडम, मी तिथं हसले तर लोकं म्हणतील, नवरा मशीनवर अन् हिला मजा सुचते."

"लोकं म्हणतील, की तुम्हीच स्वतःला म्हणाल?"

बराच वेळ पदराशी चाळा. मग, "मीच म्हणेन."

"बरं. तुम्ही घरी तोंड पाडून बसलात तर त्यांच्या किडनीच्या रिपोर्टातलं क्रिएटिनिन किती उतरेल?"

त्या खुदकन हसल्या. "असं कुठं असतं का!"

"आत्ता हसलात की. त्यांचं काही बिघडलं?"

गाठ इथं सुटली. दुःखी दिसणं हा त्यांनी नवऱ्यावरच्या मायेचा पुरावा करून ठेवला होता, आणि तो रोज सादर करावा लागत होता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून मांडलेली विवेकनिष्ठ पद्धत, म्हणजे त्रास देणारा विचार प्रश्न विचारून तपासणं, मला म्हणूनच जवळची वाटते. एक नेमका प्रश्न कधीकधी तासभराच्या धीर देण्याहून जास्त काम करतो. काळजी राहतेच, हसू तिच्या शेजारी बसू शकतं.

पुढचं सगळं नियोजन. अख्खा दिवस मैदानावर काढायचा हट्ट नको, माणूस थकतो आणि चिडतो. वर्गशिक्षकांकडून मुलाच्या शर्यतीची वेळ घ्या, पण ती तासभर पुढे सरकेल हे धरूनच जाऊबाईंना घरी बसवा. "कसं आहे आता त्यांचं?" हे दहा जण विचारणारच. "उपचार चालू आहेत, आज पोराची शर्यत बघायला आलेय," एवढं वाक्य पाठ ठेवा. शूटिंग दुसऱ्याला करू द्या. मोबाइलच्या पडद्यातून पाहिलेला आनंद अर्धाच पोचतो. वडिलांना आणायचं तर डायलिसिसचा दिवस सोडून, सावलीत खुर्ची, पाणी डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापात. ज्या हातात फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी जोडलेली रक्तवाहिनी आहे, त्या हातावर पोराला उचलू देऊ नका.

आणि "पप्पांसाठी जिंक" हे तर अजिबात नको. हरला की आजाराचं ओझं त्याच्याच डोक्यावर.

ताई शेवटच्या रेषेपाशी उभ्या राहिल्या. पोराचं लिंबू मध्येच पडलं. त्यानं ते उचललं, मातीसकट चमच्यात ठेवलं, चमचा दातात धरून नाक फेंदारत निघाला. "पाचवा आला मॅडम, पण मी एवढी ओरडले की घसा बसला." घरी गेल्यावर नवऱ्यानं दोनदा सांगायला लावलं, फेंदारलेल्या नाकाची नक्कल करून.

एवढं करूनही दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर स्पोर्ट्स डेची वाट पाहू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.