शेवटच्या पानावर वाचकाला काय दिसतं?

प्रश्न: माझी कादंबरी तीन फ्री ईबुक डिरेक्टऱ्यांवर (फुकट ईपुस्तकांची यादी देणाऱ्या साइट्सवर) टाकून चार महिने झाले. डाउनलोड 600 च्या वर गेलेत पण एका वाचकाचा शब्द नाही, ना रिव्ह्यू ना ईमेल. फाइल सोबत पाठवतेय. लोक वाचतच नाहीत का, की पुस्तकच जमलं नाहीये?

उत्तर: तुमची फाइल मी फोनवर उघडली आणि खरं सांगते, वाचता वाचता रात्रीचा एक वाजला. शेवटच्या प्रकरणात आई पत्र न फोडताच ठेवून देते तिथे मला लगेच तुम्हाला दोन ओळी लिहाव्याशा वाटल्या. पान सरकवलं तर 'समाप्त' आणि पुढे कोरं पान. वाचकाने लिहायचं कुठे? फाइल कुठल्या डिरेक्टरीवरून घेतली ते त्याला आठवतही नसतं, कारण घेतलेली असते कधीतरी आणि वाचायला काढतो महिन्याभराने.

डाउनलोड म्हणजे वाचन नव्हे हेही लक्षात घ्या. फुकट आहे म्हटल्यावर माणूस दहा पुस्तकं उतरवून ठेवतो आणि त्यातली दोन वाचतो, आणि ईपब (ईबुकचा फाइल-प्रकार) किंवा पीडीएफ एकदा फोनमध्ये गेली की ती उघडली की नाही हे तुम्हाला कळायची सोय नाही. त्यामुळे त्या 600 वरून पुस्तक जमलं की फसलं काहीच ठरवू नका.

आजच एक काम करा. 'समाप्त'च्या जागी वाचकासाठी चार ओळींचं पत्र टाका, तुमच्याच भाषेत, पुस्तक कसं सुचलं, पुढे काय लिहिताय, आणि खाली फक्त ह्या कामासाठी काढलेला ईमेल. लिंक क्लिक होते का ते स्वतः फोनवर दाबून बघा. मग तिन्ही ठिकाणी नवीन फाइल चढवा, कारण एका जागी बदलली म्हणून बाकीकडची आपोआप बदलत नाही.

कॅटेगरीही बघा, नुसतं 'फिक्शन' निवडलंत तर पुस्तक ढिगात गेलं. कौटुंबिक कादंबरी आहे तर तसं सांगा, जो तेच शोधत येतो तोच शेवटपर्यंत वाचतो आणि तोच लिहितो.

आणि एक धोका. काही डिरेक्टऱ्या फाइल स्वतःकडे ठेवतात, काही फक्त ऑनलाइन दुकानाची लिंक देतात, म्हणजे पुस्तक त्या दुकानातच फुकट असावं लागतं. 2008 ला सुरू झालेल्या स्मॅशवर्ड्स ह्या ईबुक दुकानावर किंमत शून्य ठेवता येते. लेखकाने स्वतः पुस्तक काढायच्या ॲमेझॉनच्या केडीपी ह्या सेवेवर तसं थेट करता येत नाही, तिथल्या केडीपी सिलेक्ट ह्या ऐच्छिक योजनेत 90 दिवसांत 5 दिवस पुस्तक फुकट देता येतं, पण त्या पूर्ण 90 दिवसांत तेच ईबुक दुसरीकडे कुठेही ठेवायचं नाही अशी अट असते, अगदी स्वतःच्या साइटवरही नाही. तुमचं तीन ठिकाणी आहे, तेव्हा केडीपी सिलेक्टवर खूण करू नका.

प्रश्न: मी नुसता वाचक आहे. फुकट पुस्तक घेताना लेखकाचं नुकसान तर करत नाही ना असं वाटत राहतं. कसं ओळखायचं?

उत्तर: असं वाटतंय हे वाचूनच बरं वाटलं. सुरुवातीचं कॉपीराइटचं पान उघडा. लेखकाने स्वतः मोफत दिलं असेल तर बहुतेकदा तिथे तसं लिहिलेलं असतं, कधी क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स (लेखकाने आधीच दिलेली वाटायची परवानगी) असतं. मायकेल हार्ट यांनी 1971 मध्ये सुरू केलेल्या प्रोजेक्ट गुटेनबर्ग ह्या मोफत ईबुक संग्रहावर मुख्यतः कॉपीराइट संपलेली जुनी पुस्तकं आहेत, तिथे काळजी नको (फक्त त्यांचा हिशोब अमेरिकेच्या कायद्याने असतो, आपल्याकडचा नियम वेगळा असू शकतो). पण दुकानात विकायला असलेलं नवं पुस्तक कुठल्यातरी साइटवर लेखकाचा उल्लेख, परवानगी काहीच नसताना फुकट दिसलं तर सरळ सोडून द्या.

आणि घेतलंत की लेखकाला लिहा हो. 'छान आहे' एवढंच नको, कुठलं पात्र लक्षात राहिलं, कुठे अडखळलात ते लिहा. जिथून घेतलं तिथे दोन ओळींचा रिव्ह्यू टाका, पुढचा वाचक तोच बघून घेतो. अर्धवट सोडलं असेल तर कितव्या प्रकरणात सोडलं तेही कळवा, नवीन लिहिणाऱ्याला हे सांगणारं दुसरं कोणी नसतं.