चाबी फिरवली की कधी सेल्फ घेतो, कधी नुसतं ‘टक्’. जुन्या गाडीचा हा बिघाड पकडायचा कसा?

तुम्ही लिहिलंय की गाडी २००३ची, पेट्रोल. सकाळी अर्ध्या सेल्फमध्ये सुरू होते. पण दुपारी कुठे दहा-पंधरा मिनिटं थांबून परत चाबी फिरवली की नुसतं ‘टक्’, कधी तेवढंही नाही. अर्धा-पाऊण तास गेला की आपोआप सुरू. नवी बॅटरी टाकून झाली, सेल्फ दोनदा खोलून झाला, आणि आता वायरमन म्हणतोय की पूर्ण वायरिंग बदलू.

भाऊ, वायरिंग बदलू नका. अजून एक रुपयाही कशावर घालू नका. हाच आजार मी माझ्या एमएच-३१ पासिंगच्या जुन्या हॅचबॅकमध्ये सलग दोन उन्हाळे भोगलाय. जो बिघाड येतो-जातो, तो आलेला असतानाच मोजावा लागतो. गॅरेजात पोचेपर्यंत गाडी निवलेली असते. मिस्त्री चाबी फिरवतो, सेल्फ घेतो, आणि मग अंदाजाने एकेक भाग बदलणं सुरू होतं. माझीही चांगली बॅटरी अशीच गेली, सेल्फचे कार्बन (फिरत्या मोटरला वीज पोचवणारे ब्रश) नवे पडले, आणि आठवडाभरात नागपूरच्या बर्डीवर दुपारी गाडी पुन्हा मुकी.

आधी एवढं डोक्यात पक्कं करा की सेल्फला दोन वाटांनी वीज जाते. एक जाड केबल, बॅटरीच्या प्लसवरून थेट सेल्फच्या मोठ्या बोल्टवर. दुसरी बारीक वायर, चाबीच्या स्विचमधून सोलेनॉइडच्या, म्हणजे सेल्फवरच्या चुंबकी स्विचच्या, छोट्या टर्मिनलवर. बारीक वायरीने सोलेनॉइड ओढला जातो, तो आतले तांब्याचे दोन संपर्क जोडतो, आणि मग जाड केबलमधून मोटर फिरते. परतीची वाट इंजिनच्या धातूतून अर्थच्या पट्टीने बॅटरीच्या मायनसवर. तुमचा बिघाड या तीन वाटांपैकी एकीवर नाहीतर खुद्द सेल्फमध्ये आहे.

पुढच्या वेळी गाडी अडली की पहिलं काम फुकटातलं. आतला छतावरचा दिवा लावा आणि त्याच्याकडे बघत चाबी फिरवा. दिवा एकदम मरगळला तर करंट खेचला जातोय, पण मिळत नाहीये. म्हणजे बॅटरी, तिचे टर्मिनल, नाहीतर मोटर अडकलेली. दिवा जसाच्या तसा राहिला आणि सेल्फ गप्प, तर शंका बारीक वायरीच्या वाटेवर, सोलेनॉइडच्या किंवा मोटरच्या आतल्या संपर्कांवर. तुमच्या वर्णनावरून मला हे दुसरं वाटतं, पण वाटण्यावर सामान बदलायचं नाही, म्हणूनच पुढचं सांगतोय.

साधा मल्टीमीटर घ्या. सोलेनॉइडच्या छोट्या टर्मिनलच्या जोडाशी एक पातळ वायर जोडा, तिच्यात तिथेच एक अँपिअरचा फ्यूज टाका, आणि ती बॉनेटच्या रबराजवळच्या फटीतून खिडकीवाटे आत आणा. दुसरी वायर बॅटरीच्या मायनसवरून. वायरी फॅन, बेल्ट आणि एक्झॉस्टपासून लांब बांधा. मीटर डॅशबोर्डवर ठेवा आणि रोजची गाडी रोजच्यासारखी चालवा. काही दिवस लागतील, लागू द्या. चाबी ‘स्टार्ट’वर धरून ठेवलेली असतानाच आकडा बघायचा, चाबी सोडल्यावरच्या आकड्याला काही अर्थ नाही. चाबी फिरवताना गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला.

माझ्या गाडीत तेरा दिवसांनी सापडलं. मे महिना, दुपारचे दोन, कॉटन मार्केटजवळ गाडी उन्हात उभी. आई मांडीवर टरबूज घेऊन मागे बसलेली. चाबी फिरवली, ‘टक्’. मीटरवर ७.६ व्होल्ट. चाबी धरूनच ठेवायला आईला पुढे बसवलं, बॉनेट उघडून बॅटरीवर मीटर लावला: १२.१. म्हणजे बॅटरी धडधाकट, आणि चाबीच्या वाटेत साडेचार व्होल्ट कुठेतरी गिळले जात होते. दोन उन्हाळ्यांत पहिल्यांदा माझ्या हातात अंदाजाऐवजी आकडा आला. त्या उन्हात मला किती बरं वाटलं हे सांगता येणार नाही.

घरी येऊन बॅटरीचा मायनस काढला आणि स्टिअरिंगखालचं झाकण उघडलं. इग्निशन स्विचचा कनेक्टर ओढून बघितला. पाच पिना पिवळ्याधमक. सेल्फकडे जाणारी सहावी तपकिरी पडलेली, भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखी, आणि तिच्याभोवतीचं पांढरं प्लॅस्टिक पिवळं होऊन जरा वितळलेलं. मादी पिनेची पकड इतकी ढिली की ती नखाने हलत होती. बऱ्याच जुन्या गाड्यांत सेल्फला वेगळा रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) नसतो; सोलेनॉइडचा सगळा करंट चाबीच्या स्विचमधूनच जातो, आणि ओढ घेण्याच्या क्षणी तो वीस-तीस अँपिअरपर्यंत जाऊ शकतो. वीस वर्षं दिवसातून चार-पाच वेळा असा झटका खाल्लेली पिन तपकिरी पडणारच.

मग सकाळी गाडी कशी काय सुरू होते? याचं उत्तर मला फार आवडतं, कारण त्यात आपल्या नागपूरचा उन्हाळा आहे. तांब्याचा विद्युतरोध दर अंश सेल्सियसमागे साधारण ०.३९ टक्के वाढतो. सकाळी सोलेनॉइडची कॉइल ३० अंशांवर असते. गाडी चालवून थांबवली की पाणी फिरायचं थांबतं, वारा लागायचा थांबतो, आणि पुढची काही मिनिटं बॉनेटखाली उलट जास्त तापतं. कॉइल १०० अंशांवर गेली तर तिचा रोध सव्वापटीच्या वर जातो आणि त्याच व्होल्टेजला करंट पाचव्या हिश्शाने घटतो. सोलेनॉइडची ओढ त्याहूनही जास्त घटते. ढिल्या पिनेमुळे आधीच व्होल्टेज कमी, त्यात हे. सकाळी नुसत्या ढिल्या पिनेवर काम कसंबसं निभतं, दुपारी दोन्ही दुबळेपण मिळून निभत नाही. २३ मे २०१३ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले होते. अशा गावात उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली काय होत असेल याचा विचार करा. अर्ध्या तासाने कॉइल निवते आणि गाडी आपोआप बरी होते. तुमचा नेमका हाच अनुभव आहे.

मी दोन कामं केली. जळलेली पिन कापून नवी दाबून बसवली आणि स्विचही बदलला. शिवाय चार पायांचा ३० अँपिअरचा रिले टाकला (पुढचे नंबर रिलेच्या पायांचे): बॅटरीच्या प्लसवरून फ्यूजमधून ३० नंबरवर, ८७वरून सोलेनॉइडच्या छोट्या टर्मिनलवर, चाबीकडून येणारी जुनी वायर ८६वर, ८५ अर्थला. ३० आणि ८७च्या वायरी चार चौरस मिलिमीटरच्या हव्यात, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. आता स्विचमधून रिलेच्या कॉइलपुरता अर्ध्या अँपिअरहूनही कमी करंट जातो. सेल्फ फिरत असताना बॅटरीवर १०.६ आणि बारीक वायरीवर १०.४ व्होल्ट मिळतात. पिन न बदलता नुसता रिले टाकणारेही आहेत; गाडी सुरू होते, पण जळका जोड तसाच राहतो, ते मला पटत नाही.

तुमच्या मीटरवर वेगळा आकडा आला तर वाट वेगळी. शून्य आलं तर बाहेरून बसवलेला अलार्म किंवा सेंट्रल लॉक आहे का ते आधी बघा. असे अलार्म बसवताना बऱ्याचदा सेल्फचीच वायर कापून त्यात रिले घालतात आणि जोड नुसता पिळून टेप लावतात. तो जोड शोधा.

बॅटरीच्या जवळपास आकडा आला आणि तरी सेल्फ गप्प, तर चाबीची बाजू निर्दोष. मग जंपर केबल घ्या, एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर घट्ट पकडून सेल्फ मारा. सुरू झाली तर अर्थची पट्टी खराब. ही पट्टी वरून छान दिसते आणि लगच्या (टोकाच्या बोल्टच्या कडीच्या) आत हिरवी झालेली असते, म्हणून नुसतं बघून सोडू नका. केबलनेही फरक पडला नाही तर सेल्फच्या अंगावर लाकडी दांड्याने हलकेच ठोका. ठोकल्यावर फिरला तर कार्बन झिजलेत किंवा आपल्या खाचेत अडकलेत. सोलेनॉइडच्या ओढणाऱ्या गुंडाळीला अर्थ मोटरमधूनच मिळतो, म्हणून कार्बन नीट टेकत नसतील तर सोलेनॉइडही नीट ओढत नाही. तुमचा सेल्फ दोनदा खोललाय, पण कार्बनची लांबी कुणी मोजली का, हे जरूर विचारा.

बॅटरी नवी असली तरी तिचे क्लॅम्प जुनेच असतील. ते काढून सँडपेपरने आतून चमकेपर्यंत घासा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६च्या आसपास आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळत असतील तर बॅटरी आणि अल्टरनेटर दोघांनाही सोडून द्या. मोठ्या अँपिअर-अवरची बॅटरी टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका; जळक्या पिनेपुढे मोठी बॅटरीही तेवढीच हतबल.

स्क्रूड्रायव्हरने सेल्फचे दोन बोल्ट जोडून गाडी सुरू करायची सवय मात्र लावून घेऊ नका. गिअरमध्ये राहिलेली गाडी तशीच अंगावर येते. आणि हात घालण्याआधी अंगठी-घड्याळ काढा.

मीटर या आठवड्यातच लावा. मृगाचा पाऊस पडून हवा गार झाली की गाडी शहाण्यासारखी सुरू व्हायला लागेल, आणि मग हा आकडा पुढच्या एप्रिलपर्यंत हाती लागणार नाही. चाबी धरल्यावर किती व्होल्ट आले ते इथेच लिहा, पुढचं मी सांगतो.