नवीन असेंबल केलेल्या पीसीवर आवाज तुटतो, माउसही क्षणभर अडकतो. स्पीकर बदलू का?

स्पीकर बदलू नका. माउसही अडकतोय म्हणजे दोष बहुधा ड्रायव्हर (एखादा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा बायोसचा (मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) आहे. विंडोज आवाज साधारण १० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत पाठवते. तेवढ्यात एखाद्या ड्रायव्हरने प्रोसेसर अडवून धरला की बफर (आवाजाचा तात्पुरता साठा) रिकामा होतो आणि 'टर्र' ऐकू येतं. गाणं चालू ठेवून 'लेटन्सीमॉन' (कोणता ड्रायव्हर प्रोसेसर अडवतोय ते दाखवणारा प्रोग्रॅम) १० मिनिटं चालवा. ड्रायव्हरच्या यादीत 'एनडिस डॉट सिस' (ndis.sys, विंडोजची नेटवर्कची फाइल) सगळ्यात वर आली तर मदरबोर्डच्या साइटवरून नेटवर्कचा ड्रायव्हर घ्या. प्रोसेसर एएमडीचा रायझन (एएम४ सॉकेटचा) असेल तर त्याआधी बायोस अपडेट करा: एफटीपीएममुळे (प्रोसेसरमधली सुरक्षा सुविधा) असं अडखळतं हे एएमडीने २०२२ मध्ये मान्य केलंय, दुरुस्ती एजेसा (बायोसमधला एएमडीचा कोड) १.२.०.७ पासून आहे. आवाज फक्त ब्लूटूथवरच तुटत असेल तर मात्र मागच्या वायफाय अँटेना घट्ट बसवल्यात का ते बघा. ब्लूटूथही त्यांच्यावरच चालतं.