जियानचा नमुना हातात जड का वाटतो?

जियान ही चीनची सरळ, दुधारी आणि बहुधा एका हाताने चालवायची तलवार असल्यामुळे एकूण वजनाआधी तिचा तोल तपासावा. पाते बोटावर आडवे टेकवून पाहा. मूठ संपते तिथपासून साधारण 12 ते 15 सेंटीमीटरवर ते स्थिर राहिले पाहिजे. तोल त्याहून पुढे असेल, तर मुठीमागचा गोळा जड करण्याची घाई कृपया करू नका, कारण त्याने तोलबिंदू मागे सरकला तरी टोक वळवताना जाणवणारा जडपणा बराचसा तसाच राहतो. पात्याची जाडी मुठीपाशी 7 मिलिमीटर असेल, तर टोकाकडे ती क्रमाने निम्म्यापर्यंत उतरावी. माझ्या मते खरी दुरुस्ती इथेच आहे. जाडी उतरवण्यासाठी घासताना पाते वारंवार पाण्यात बुडवावे, कारण धार तापून निळी पडली की तिचे पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, उतरते.