‘अर्धी मराठी’ नव्हे, दोन्ही घरची

प्रश्न असा आला आहे: “मी सांगलीची. लेकीकडे कॅनडात, व्हँकूवरशेजारी बर्नबीला सहा महिन्यांसाठी आले आहे. जावई जपानी-कॅनेडियन, त्यांच्या घराण्याची इथली चौथी पिढी. नात आठ वर्षांची. मे महिन्यात इथे आशियाई वारशाचा महिना साजरा होतो, त्यासाठी शाळेत तिला आपल्या घराविषयी एक तक्ता करायचा आहे. तिच्या दोन मैत्रिणी स्वतःला ‘हापा’, म्हणजे मिश्र घरातल्या, म्हणवतात. ती मला विचारते, आजी, हापाला मराठीत काय म्हणतात? मला सांगता येईना. त्यात पाडव्याच्या कार्यक्रमात एका गृहस्थांनी, प्रेमानेच, ‘ही अर्धी मराठी ना?’ असं विचारलं. पोर घरी येईपर्यंत गप्प होती. तिला कोणता शब्द देऊ? आणि तक्त्यावर मराठी-कॅनेडियन लिहायचं की कॅनेडियन-मराठी?”

काकू, नातीला आधी एक गंमत सांगा. ‘हापा’ तिला वाटतो तितका आपल्याला परका नाही. इंग्रजीतला ‘हाफ’ हवाई बेटांवर गेला. तिथल्या भाषेत फ नाही आणि शब्द व्यंजनावर संपत नाही, म्हणून त्याचा ‘हापा’ झाला. आपल्याकडे तोच ‘हाफ’ आला आणि आपण ‘हाप चड्डी’, ‘हाप शर्ट’ म्हणू लागलो. दोन्हीकडच्या जिभांनी एकाच शब्दाला जवळजवळ सारखंच वळण दिलं. जपानीत तो ‘हाफु’ झाला, आणि आईवडिलांपैकी एकच जपानी असलेल्या मुलांना तिथे आजही ‘हाफु’ म्हणतात. कॅनडात मात्र हवाईचा ‘हापा’ रुजला. व्हँकूवरमध्ये 2011 साली मिश्र वारशाच्या लोकांनी स्वतःचा उत्सव सुरू केला, त्याचं नावच ‘हापा-पलूझा’. ज्या शब्दाने लोक आपल्याला मोजत होते, तोच त्यांनी उत्सवाच्या फलकावर लावला.

‘हापा’बद्दल दोन गोष्टी तिला ठाऊक असाव्यात. हवाईच्या भाषेत या शब्दाचा अर्थ अगदी काटेकोर अर्धा असा नाही, भाग किंवा अंश असाही आहे. आणि हा शब्द मुळात आमच्या मिश्र संततीसाठी आहे, सगळ्या जगाने तो उचलू नये, असं हवाईतल्या अनेक मूळ रहिवाशांना वाटतं. त्यामुळे मैत्रिणींनी तो वापरला तर त्यांना टोकू नये, पण आपल्याला दुसरा चांगला शब्द मिळत असेल तर तो घ्यावा. जपानमध्येही काही पालकांना ‘हाफु’ खटकला आणि ते मुलांना ‘दाबुरू’ म्हणू लागले. दाबुरू म्हणजे डबल. अर्धं नाही, दुप्पट.

त्या पालकांना जे खटकलं तेच तुमच्या नातीला खटकलं. आपल्या भाषेत ‘अर्धा’ शब्द माणसाला लावला की त्याला कमीपणा चिकटतोच. अर्धवट, अर्धामुर्धा, अर्ध्या हळकुंडाने पिवळा. भाकरी अर्धी चालते, पेला अर्धा चालतो, पण माणूस अर्धा म्हटला की त्याच्यात काहीतरी उणं आहे असंच कानाला वाटतं. विचारणाऱ्याच्या मनात तसं नसेल, पण आठ वर्षांच्या कानाला शब्दच ऐकू येतो.

शिवाय हे अर्धं मोजायचं तरी कुठून? जपानी-कॅनेडियन लोक पिढ्या मोजतात, ती पद्धत तुम्ही घरात ऐकली असेल: पहिली पिढी इस्सेई, दुसरी निसेई, तिसरी सानसेई, चौथी योनसेई, पाचवी गोसेई. जावई योनसेई, म्हणजे तुमची नात त्या बाजूने गोसेई. तुमची लेक तिथे गेलेली पहिली, म्हणजे त्याच मोजणीने आईकडून हीच मुलगी निसेई. एकच मुलगी, एका हाताने धरली तर पाचवी पिढी, दुसऱ्या हाताने धरली तर दुसरी. मला हे फार सुंदर वाटतं.

आता मराठीत काय आहे ते पाहू. कोश उघडला की आधी ‘संकर’ भेटतो. तो घेऊ नका. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन वर्णसंकराची भीती बोलून दाखवतो, तेव्हापासून त्या शब्दावर विटाळाची छाया आहे, आणि आपल्या गावाकडे ‘संकरित’ म्हटलं की ज्वारीचं बियाणं आणि जर्सी गाय डोळ्यांपुढे येते. बियाण्याला तो शब्द शोभतो, पोरीला नाही. ‘धेडगुजरी’ कुणी सुचवलाच तर सरळ नाही म्हणा. तो एका जातीच्या अपमानावर उभा आहे, भाषेलाही लावू नये. ‘मिश्र रक्ताची’ हेही मला नको वाटतं. रक्तात मराठी किंवा जपानी असं काही नसतं. भाषा, चवी, गोष्टी, हाका हे सगळं घरात मिळतं.

उरतो ‘मिश्र’. हा शब्द फार चांगल्या कुळातला आहे. संस्कृत नाटकांच्या सुरुवातीला सूत्रधार प्रेक्षकांना ‘आर्यमिश्र’ म्हणून मान देतो. आपलं ‘मिसळणं’ याच मुळाचं, आणि मराठीत ‘माणसांत मिसळणारा’ ही स्तुती आहे. मुलगी सासरी कशी आहे हे सांगताना तुम्हीच कितीदा ‘मिळूनमिसळून राहते’ म्हटलं असेल! ‘भेसळ’ वेगळी. ती फसवण्यासाठी करतात. मिसळतात ते चांगल्यासाठी.

या मुळाचे भाऊबंद दूरवर पसरलेले आहेत. लॅटिनमध्ये मिसळणे या अर्थाची जी क्रिया आहे, ती आणि आपला ‘मिश्र’ एकाच जुन्या मुळातून फुटलेले. त्या लॅटिन शब्दापासून पोर्तुगीजांचा ‘मेस्तिसो’ झाला. गोव्यात पोर्तुगीज अमलात युरोपीय आणि स्थानिक अशा दोन्हीकडचा वंश असलेल्यांना तेच म्हणत. फ्रेंचमध्ये त्याचाच ‘मेती’ झाला. इथे मात्र सांभाळा. कॅनडात ‘मेती’ हे एका विशिष्ट आदिवासी समाजाचं नाव आहे, 1982 च्या राज्यघटनेने मान्य केलेलं. त्यांचा स्वतःचा इतिहास आहे, स्वतःची भाषा आहे. अर्थ ‘मिश्र’ असा निघतो म्हणून कुठल्याही मिश्र घरातल्या मुलाला मेती म्हणता येत नाही, आणि मेतींचं भाषांतर ‘मिश्रवंशीय’ असंही करू नये. काही मराठी लेखांत मी ते पाहिलं आहे, म्हणून मुद्दाम लिहितो.

लिहिण्यासाठी माझं मत ‘मिश्र वारसा’ या जोडीला. कारण तिच्या पोटात पाहा काय आहे. ‘मिश्र’ संस्कृतातला. ‘वारसा’ अरबीतला, ‘वारस’पासून, फारसीमार्गे आपल्याकडे आलेला. म्हणजे मिश्र वारसा सांगणारे हे शब्द स्वतःच मिश्र वारशाचे! मराठीला ही सवय जुनी आहे. ‘धनदौलत’मध्ये धन संस्कृत, दौलत अरबी. ‘कागदपत्र’मध्ये कागद फारसी, पत्र संस्कृत. ‘बाजारहाट’मध्ये बाजार फारसी आणि हाट आपला. ‘धनदौलत’ हा अर्धा मराठी शब्द आहे, असं आजवर कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. तो अख्खा मराठी आहे, आणि दोन्हीकडचा आहे म्हणूनच त्याला तो भरलेपणा आहे. लिहिताना ‘वारशाची’ लिहा, ‘वारसाची’ नको. ‘वारसाची’ म्हणजे वारस असलेल्या माणसाची, अर्थच बदलतो. पैसा-पैशाचा, तसं वारसा-वारशाचा.

पण ‘मी मिश्र वारशाची आहे’ असं आठ वर्षांची मुलगी ओसरीवर बसून म्हणणार नाही. तो लेखातला, फलकावरचा शब्द झाला. घरात बोलायला दुसरा हवा, आणि तो तुमच्या पत्रातच आहे. शेवटी तुम्ही लिहिलं आहे की उकडीचे मोदक करताना नात म्हणाली, “आजी, तू हाताला तेल-पाणी लावतेस, बाचान कोरडं पीठ लावते.” तिची जपानी आजी मोची हा जपानी पदार्थ वळताना बटाट्याचं पीठ हाताला लावते. दोन्ही तांदळाचेच गोळे, दोन्ही हाताला चिकटणारे, आणि न चिकटण्याची युक्ती दोन घरांची दोन. ती एवढीशी पोर दोन्ही ओट्यांजवळ उभी राहिली आहे, म्हणून तिला हे दिसलं. मला किंवा तुम्हाला दिसलं नसतं. अशा मुलीला मराठीत म्हणावं ‘दोन्ही घरची’.

यावर कुणी आपली म्हण पुढे करील: दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. म्हण खरी आहे, पण ती पाहुण्याची आहे. हे घर समजतं तो तिथे जेवला, ते समजतं तो इथे जेवला. घरच्या माणसाच्या वाट्याला तसं येत नाही. तो दोन्हीकडे जेवतो. नातीला जर कुणी दोन्हीकडे पाहुणी ठरवलं, तरच ती उपाशी राहील. ‘अर्धी’ या शब्दाने नेमकं तेच होतं, म्हणून मी इतकं पोटतिडकीने लिहितो आहे.

आणि तिच्यासाठी आणखी एक शब्द आहे, जो मला या सगळ्यांत सर्वांत लाडका आहे: आजोळ. आईच्या माहेरासाठी, आजीच्या घरासाठी असा एकच नेटका शब्द इंग्रजीत नाही. “माझं आजोळ सांगली” एवढं म्हटलं की तिने मराठीशी असलेलं नातं पूर्ण सांगितलं. टक्के नाहीत, रक्त नाही. मराठी माणसाला त्यातून सगळं कळतं: सुट्टी, लाड, आंबे, आजीच्या हातचं. पुढच्या वेळी कुणी ‘अर्धी मराठी का?’ विचारलं तर तिने म्हणावं, “माझं आजोळ सांगलीचं.” विचारणाऱ्याचा चेहरा पाहा कसा बदलतो.

बाचानच्या घराचीही गोष्ट तिच्या तक्त्यावर यायला हवी, आणि ती गोडच आहे असं नाही. 1942 मध्ये, महायुद्धात, ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरून सुमारे 22,000 जपानी-कॅनेडियन लोकांना घराबाहेर काढून छावण्यांत आणि दूरच्या गावांत पाठवलं. त्यांतले बहुतेक कॅनडाचेच नागरिक होते. घरं, होड्या, दुकानं सरकारने विकून टाकली. युद्ध संपल्यावरही 1 एप्रिल 1949 पर्यंत त्यांना किनाऱ्यावर परतू दिलं नाही. सरकारने माफी मागितली ती 22 सप्टेंबर 1988 ला. समाज असा देशभर विखुरला, एकेका गावात चार-दोन घरं उरली, आणि पुढच्या पिढ्यांची लग्नं बहुतेक समाजाबाहेर झाली. 2011 च्या आकडेवारीत कॅनडातल्या सगळ्या जोडप्यांपैकी 4.6 टक्के मिश्र होती, व्हँकूवर परिसरात 9.6 टक्के. ज्या जोडप्यांत एक तरी जण जपानी होता, त्यांच्यात मात्र सुमारे 79 टक्के. दक्षिण आशियाई लोकांत हेच प्रमाण 13 टक्के. म्हणजे बाचानच्या बाजूला तुमच्या नातीसारखी मुलं हा नियम आहे, आपल्या बाजूला अजून अपवाद. पाडव्याच्या त्या गृहस्थांकडे शब्द नव्हता, याचं कारण बहुधा हेच. त्यांना वापरायची वेळच फारशी आलेली नाही. आपण आता तो तयार ठेवू. ऑगस्टच्या सुरुवातीला तुम्ही तिथे असाल तर पॉवेल स्ट्रीटच्या उत्सवाला नक्की जा. युद्धापूर्वीच्या जपानी वस्तीच्या जागेवर 1977 पासून तो भरतो. ताइको ढोल वाजायला लागले की तुम्हाला विसर्जनाची मिरवणूक आठवेल.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. मराठीत अशा जोडीत मुख्य शब्द शेवटी येतो. ‘जपानी-कॅनेडियन’ म्हणजे कॅनेडियन माणूस, जपानी कुळातला. ‘कॅनेडियन-मराठी’ म्हणजे मराठी माणूस, कॅनडात राहणारा. ते तुमच्या लेकीला चालेल. नात जन्माने तिथली, म्हणून तिच्यासाठी ‘कॅनेडियन’ शेवटी. त्याआधी ‘मराठी-जपानी’, मध्ये आडवी रेघ. त्या रेघेला आपल्या व्याकरणात संयोगचिन्ह म्हणतात, जोडणारी खूण. फ्रेड वाह हे कॅनडाचे मोठे कवी. चिनी, स्कॉटिश, आयरिश आणि स्वीडिश अशा घरातले. तिथल्या लोकांच्या नावांमधल्या या रेघेविषयी त्यांनी खूप लिहिलं आहे, आणि वडिलांच्या उपाहारगृहातलं स्वयंपाकघर आणि पुढची बाजू यांच्यामधलं दोन्हीकडे उघडणारं झुलतं दार त्यांच्या लेखनात पुन्हापुन्हा येतं. नातीला मोदक आणि मोची यांच्या मधली रेघ अशी दारासारखी दाखवता येईल.

व्याकरणाच्या तासाला आपण द्वंद्व समास शिकलो होतो, तो इथे उपयोगी पडतो. ‘खरेखोटे’ हा वैकल्पिक द्वंद्व, फोड करताना ‘किंवा’ येतं. ‘आईवडील’ हा इतरेतर द्वंद्व, फोड करताना ‘आणि’ येतं, आणि दोन्ही पदं प्रधान असतात. मराठी-जपानी हा दुसऱ्या प्रकारचा. लोक तिला ‘मराठी की जपानी?’ विचारून तो पहिल्या प्रकारचा करू पाहतात. तिने फोड ‘आणि’ने करावी.

तक्त्यावर मोठ्या अक्षरांत एवढं लिहू द्या, तिच्याच हाताने, अक्षर वाकडं आलं तरी चालेल:

मी मराठी-जपानी कॅनेडियन. माझं आजोळ सांगली, माझं घर बर्नबी. मी दोन्ही घरची.

खाली बाचानकडून हेच जपानीत लिहून घ्या. ‘आजोळ’ला जपानीत त्या काय लिहितात ते मला नक्की कळवा.