पावसाळ्यात हाताने केलेल्या कार्डांवर ठशाची छाप पसरते. डाय शाई घेऊ की पिगमेंट, आणि कुठल्या कंपनीची?

शाईला बोल लावण्याआधी कागद बघा. पावसाळ्यात आमच्या गोव्यातल्या फोंड्याला कपाटातल्या चपलांना बुरशी धरते, तिथं कार्डाचा कागद काय कोरडा राहणार? डाय शाई कागदात मुरते, त्यामुळे दमट कागदावर रेघेच्या कडा फुटतात. पिगमेंट वरच्यावर बसते, रेघ नेटकी येते, पण वाळता वाळत नाही. मी तरीही पिगमेंटवाली. ओली आहे तोवर एम्बॉसिंग पावडर (तापली की वितळून रेघ उठावदार करणारी भुकटी) टाकायची, हीटगनने (कडक गरम हवा सोडणारं हत्यार) वितळवायची, वाळण्याची कटकटच संपली.

माझी कार्डं चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची असतात. आपल्याकडच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी दिसते ना, चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या रंगाचा थर देऊन तो ओला असतानाच खरवडून काढलेली नक्षी? ती मी खोडरबरावर कोरते. पांढऱ्या कागदावर बिनरंगी पिगमेंट शाईचा ठसा, वर पारदर्शक पावडर, मग हीटगन. गार झालं की तांबडी डाय शाई ब्रशने गोल गोल घासायची. उठलेल्या रेघा शाई धरत नाहीत, फडक्याने पुसलं की तांबड्यात पांढरी नक्षी मोकळी होते.

ही कार्डं चवथीला मूळ घरी नेली, तर धाकटे भावोजी (म्हापशाला छापखाना आहे त्यांचा) माटोळी (गणपतीच्या डोक्यावरची फळाफुलांची चौकट) बांधता बांधता सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी, शिक्के तर पंचायतीतला शिपाईही मारतो. डिझाइन द्या, ऑफसेटवर हजार काढून देतो." घर हसलं. मी काही न बोलता एक कार्ड त्यांच्या हातात ठेवलं. छापखान्यातला माणूस, भिंग खिशातच. खिडकीशी जाऊन ठिपके शोधत बसले. कडेला गडद, मध्ये फिका असा उतरत जाणारा तांबडा ऑफसेटवर ठिपक्यांनीच दाखवावा लागतो. इथं ठिपका सापडेना. मग नखाने रेघ खरवडली. तीही निघेना. "पण हजार कशी काढणार?" म्हणे. हजार माणसं मी ओळखते कुठं? हा वाद दर चवथीला नव्याने होतो आणि दरवेळी ते एक कार्ड न्यायला विसरत नाहीत.

म्हणून सांगते, संगणकावर छापून कोपऱ्यात एक शिक्का मारायचा आणि त्याला हातकाम म्हणायचं, हे करू नका. त्यापेक्षा भावोजींकडेच जा, स्वस्त पडेल.

तुमच्या पसरणाऱ्या छापेसाठी: ठसा मारण्याआधी कागदावर हीटगन फिरवा, गार होऊ द्या, मग टाल्कम पावडरची पुरचुंडी हलकेच फिरवा, नाहीतर एम्बॉसिंग पावडर दमट कागदाला सगळीकडे चिकटते. हेअर ड्रायर चालत नाही, पावडर वितळण्याआधी उडते. कागदाखाली जुना माउसपॅड ठेवला की ठसा सगळीकडे सारखा उठतो. कंपनी कुठलीही घ्या, शाईचं पॅड मात्र लहान घ्या.

हां, आणि अल्कोहोल मार्करने आत रंग भरणार असाल तर ओल्या पिगमेंटची रेघ फिसकटते. तिथं मार्करला दाद न देणारी डाय शाईच हवी, आणि कागद आधी नीट वाळवलेला.