रॉस ओ'कॅरोल-केली ही आयरिश विनोदी कादंबऱ्यांची मालिका पहिल्या पुस्तकापासूनच वाचायला हवी का? मधलंच एखादं घेतलं तर कळेल का?

कळेल. उलट पहिल्यापासून सुरुवात करूच नका, असं मी सांगेन. २०१० सालचं 'द ओ माय गॉड डिल्युजन' आधी घ्या.

मालिकेचा लेखक पॉल हॉवर्ड मूळचा क्रीडा पत्रकार. १९९८ मध्ये त्याने 'संडे ट्रिब्यून' या आयरिश वृत्तपत्रात रॉसच्या तोंडून सदर लिहायला घेतलं. रॉस म्हणजे दक्षिण डब्लिनच्या बड्या शाळेतला रग्बी खेळाडू, बापाच्या पैशावर मजा मारणारा. सुरुवातीची पुस्तकं शाळा, रग्बी आणि नाइट क्लब यांतच फिरतात. आयरिश श्रीमंत घरांत शालेय रग्बीचं केवढं प्रस्थ असतं, हे ठाऊक नसेल तर त्यांतले बरेच विनोद डोक्यावरून जातात. मुलींबद्दल रॉस जे बोलतो तेही फार हिणकस आहे. लेखक त्याला उघडा पाडतोय हे कळायला थोडा वेळ लागतो आणि तेवढ्यात बरेच वाचक पुस्तक मिटतात.

२०१० पर्यंत आयर्लंडचं चित्र पार पालटलं होतं. घरबांधणीचा फुगा फुटला होता, सप्टेंबर २००८ मध्ये सरकारने बँकांच्या देण्यांची हमी स्वतःच्या डोक्यावर घेतली होती. पुस्तक आलं त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युरोपीय संघ आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या मदतीने ८५ अब्ज युरोंचं बचाव पॅकेज घ्यायची वेळ आली. बातम्यांमधून हे सगळं आकड्यांत कळतं. रॉसच्या पुस्तकांत ते माणसांत दिसतं. तेजीत घरं विकणारा त्याचा मित्र जेपी मंदीत थकबाकीदारांच्या वस्तू जप्त करायला जातो. रॉसच्या वडिलांचा, चार्ल्सचा, नवा धंदा कागदपत्रं नष्ट करून देण्याचा. रॉस त्या श्रेडिंगच्या गाडीवर काम करतो. देश बुडत असताना एवढे कागद घाईघाईने कोणाला आणि का फाडून हवे आहेत, हा प्रश्न त्याला पडत नाही. आपल्याला पडतो. मालिकेची सगळी ताकद मला इथेच दिसते: निवेदकाला काहीच उमगत नाही, पण तो सांगतो सगळं. भ्रष्टाचारावर एकही भाषण न ठोकता हॉवर्ड ते आपल्यापर्यंत पोहोचवतो.

इंग्रजी वाचताना सुरुवातीला अडखळाल, कारण रॉसचे उच्चार स्पेलिंगमध्येच उतरवले आहेत. त्याच्या तोंडी 'कार'चं 'कोर' होतं आणि किनाऱ्याने धावणाऱ्या 'डार्ट' लोकलचं 'डोर्ट'. मोठ्याने वाचा, दहाएक पानांत कान सरावतो. याच्या अगदी उलट बोली त्याच्या मुलाची, रोननची. तो डब्लिनमधल्या लिफी नदीच्या उत्तरेला, फिंग्लससारख्या कामगार वस्तीत आईजवळ वाढलेला. बापाला तो बाबा म्हणत नाही, 'रॉसर' म्हणतो. या बापलेकाचे प्रसंग मला सगळ्या मालिकेत सर्वांत जवळचे वाटतात. एकाच शहरातली वर्गाची दरी त्यांच्या बोलण्यातूनच ऐकू येते, आणि रॉसच्या मनात खरी माया आहे हेही तिथेच कळतं.

हे आवडलं तर पुढचं, २०११ चं 'नामा मिया!' लगेच घ्या. बँकांची बुडीत बांधकाम-कर्जं ताब्यात घ्यायला सरकारने 'नामा' ही संस्था काढली होती, तिच्यावरून ते नाव आलंय. बहुतेक पुस्तकांची नावं अशी कुठल्यातरी गाजलेल्या नावावर बेतलेली आहेत. त्यानंतर खुशाल मागे जा. पात्रं ओळखीची झालेली असल्यामुळे तोच शाळकरी उद्दामपणा तुम्हाला वेगळ्या नजरेने वाचता येईल. पुढच्या पुस्तकांत चार्ल्स राजकारणात उतरतो, तिथे कथानक जरा ताणलेलं वाटतं, तरी रॉसची मुलगी ऑनर हिच्यासाठी ती सोडू नका. मालिका २०२४ च्या 'डोन्ट लुक बॅक इन ऑंगार'ने संपली आहे, त्यामुळे पुढच्या भागाची वाट पाहत बसावं लागणार नाही.